आकाशातील चाकरी, जमिनीवरचे घर

(हवाई वाहतूक क्षेत्रातील श्रमिकांच्या प्रश्नावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



विमानाला घर नसते. आजची रात्र ते एका शहरात काढते, उद्याची दुसऱ्या शहरात. जेथे प्रवासी मिळतील आणि विमानतळाचे शुल्क परवडेल, तेथे त्याचा मुक्काम. परंतु त्या विमानात काम करणाऱ्या माणसाला घर असते. त्या घराचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता दरमहा भरावा लागतो. त्या घरातील मूल जवळच्या शाळेत जाते, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी ओळखीच्या डॉक्टरांकडे चालते, आणि घराची किल्ली निःशंकपणे ठेवावी असा एखादा शेजार वर्षानुवर्षांच्या सहवासातून जुळलेला असतो. विमान हलवायला एक आदेश पुरतो. घर हलवायला काय लागते, हे ज्याने ते हलवले आहे त्यालाच ठाऊक. आजच्या विषयाचे सारे मर्म या दोन हालचालींमधील अंतरात साठलेले आहे.

विमानसेविका आणि विमानसेवक, म्हणजे ज्यांना आज केबिन क्रू म्हटले जाते, त्यांच्या नोकरीत 'बेस' हा शब्द फार महत्त्वाचा असतो. बेस म्हणजे तळ. कर्मचाऱ्याची पाळी ज्या विमानतळावर सुरू होते आणि जेथे संपते, तो त्याचा तळ. युरोपीय संघाच्या विमानवाहतूक नियमांत या 'होम बेस'ची जी व्याख्या आहे तिच्यात एक अर्थपूर्ण वाक्यांश येतो. सामान्य परिस्थितीत जेथे कर्मचाऱ्याच्या निवासाची जबाबदारी कंपनीवर नसते, ते ठिकाण म्हणजे होम बेस. दुसऱ्या शहरी मुक्काम पडला तर हॉटेलचे बिल कंपनी भरते. तळावर मात्र कर्मचारी स्वतःच्या घरी झोपतो. कायद्याने न बोलता केलेली ही कबुलीच आहे. तळ म्हणजे घर, हे समीकरण नियम लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरलेले आहे.

मग हा तळ बंद करण्याचा निर्णय होतो, तेव्हा नेमके काय बंद होते? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी बेल्जियममधील एका जुन्या औद्योगिक नगराकडे वळणे उपयुक्त ठरेल.

कोळशाचे गाव, विमानांचे गाव

बेल्जियमच्या दक्षिणेस, वालोनिया प्रांतात, शार्लरुआ नावाचे शहर आहे. कोळसा, पोलाद आणि काच या तीन उद्योगांवर ते वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणीत उतरायला माणसे मिळेनात, तेव्हा १९४६ साली बेल्जियम आणि इटली यांच्यात एक करार झाला. इटलीने मनुष्यबळ पाठवावे आणि बेल्जियमने कोळसा द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. हजारो इटालियन तरुण या खाणींत आले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी शार्लरुआतील मार्सिनेल येथील बोआ द्यु काझिए या खाणीत आग लागली आणि २६२ माणसे दगावली. त्यांतील १३६ इटालियन होती. पोटासाठी परदेशी आलेल्या माणसाच्या जिवाचे मोल काय, हा प्रश्न त्या दिवसापासून या शहराच्या स्मृतीत कोरला गेला आहे.

पुढे खाणी मिटल्या, पोलादाचा धंदा आक्रसला. शहराला नव्या आधाराची गरज होती. २००१ साली आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमानकंपनीने शार्लरुआच्या विमानतळावर तळ उघडला. युरोपच्या मुख्य भूमीवरील तिचा हा पहिला तळ. हा विमानतळ शहराच्या गोसली नावाच्या भागात आहे. याच गोसलीत अमेरिकेच्या कॅटरपिलर कंपनीचा मोठा कारखाना होता. २०१६ च्या सप्टेंबरात तो बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे दोन हजार कामगारांवर एका दिवसात आभाळ कोसळले. एकाच परिसरात एक उद्योग विझत होता आणि दुसरा भरभराटीला येत होता. म्हणूनच विमानांच्या या तळाचे मोल शार्लरुआला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

परंतु खाण आणि विमान यांत एक मूलभूत भेद आहे. खाण जेथे आहे तेथेच राहते. मालक कितीही रागावला तरी कोळशाचा थर उचलून त्याला दुसऱ्या देशात नेता येत नाही. कारखाना हलवायचा तर यंत्रे उतरवावी लागतात, नव्या जागी पाया घालावा लागतो, वर्ष-दोन वर्षे जातात. विमान मात्र संध्याकाळी निघते आणि रात्री दुसऱ्या देशात उतरते. श्रमिकाच्या हाती जी थोडीबहुत सौदाशक्ती असते, तिचा मोठा हिस्सा कामाच्या जागेच्या स्थिरतेतून येत असतो. ती स्थिरताच या व्यवसायात नाही.

सहा जणांचा दावा

या तळावर काम करणारे केबिन क्रू कोठले होते? कोणी पोर्तुगालचे, कोणी स्पेनचे, कोणी बेल्जियमचेच. काहींची नेमणूक थेट रायनएअरने केलेली, काहींची क्रूलिंक नावाच्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या आयरिश कंपनीमार्फत. करारपत्र इंग्रजीत. पगार आयर्लंडमधील बँकेच्या खात्यात. वाद उद्भवल्यास आयर्लंडचा कायदा आणि आयर्लंडचीच न्यायालये, असे कलम त्यात घातलेले. विमाने आयर्लंडमध्ये नोंदलेली असल्यामुळे काम आयर्लंडच्या हद्दीतच होते, अशी त्यामागची भूमिका. त्याच करारात आणखी एक कलम होते. कर्मचाऱ्याने शार्लरुआच्या तळापासून एक तासाच्या अंतरात राहिले पाहिजे.

श्रोतेहो, ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. हक्क मागायचे असतील तर कर्मचारी आयर्लंडचा. पहाटे कामावर हजर व्हायचे असेल तर तो शार्लरुआचा! त्याचे घर कोठे असावे हे कंपनी ठरवणार, आणि त्या घराच्या दाराशी असलेला कायदा मात्र त्याला लागू होणार नाही. समुद्रापलीकडच्या न्यायालयात वकील नेमण्याची ऐपत किती जणांची असते? कागदावर दार उघडे असले तरी व्यवहारात ते बंदच होते.

२०११ साली अशा सहा कर्मचाऱ्यांनी शार्लरुआच्या श्रम न्यायालयात दाद मागितली. या न्यायालयाने हा विषय आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असे सांगितले. कर्मचारी मॉन्स येथील वरिष्ठ श्रम न्यायालयात गेले आणि तेथून हा प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पोहोचला. १४ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा निकाल लागला.

न्यायालयाने सांगितलेले तत्त्व थोडक्यात असे. कर्मचारी आपल्या कर्तव्याचा मुख्य भाग प्रत्यक्षात जेथे किंवा जेथून पार पाडतो, तेथील न्यायालयात त्याला जाता आले पाहिजे. ते ठिकाण ठरवताना तो कोठून निघतो, कोठे परततो, त्याला सूचना कोठे मिळतात, विमाने कोठे उभी असतात, हे सारे पाहावे. आणि त्यात होम बेस हा महत्त्वाचा निर्देशक मानावा. विमानाची नोंदणी ज्या देशात, तेच कामाचे ठिकाण, हे समीकरण न्यायालयाने नाकारले. वाद उद्भवण्यापूर्वीच कर्मचाऱ्याच्या गळ्यात बांधलेले न्यायालय-निवडीचे कलम त्याच्याविरुद्ध चालणार नाही, हेही स्पष्ट केले. त्यानंतर २०१९ मध्ये मॉन्सच्या न्यायालयाने या कर्मचाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. दाव्याला तोपर्यंत आठ वर्षे झाली होती.

या निकालाचा खरा आशय कायद्याच्या परिभाषेपलीकडचा आहे. आकाशात काम करणारा माणूस हा हवेतला माणूस नव्हे. तो कोणत्या तरी भूमीचा आहे; तेथे तो कर भरतो, तेथे त्याचे आजारपण निघते, तेथेच त्याचे म्हातारपण जाणार आहे. कंपनीचा ध्वज विमानाच्या शेपटीवर असेल, पण माणसाची मुळे जमिनीत असतात, एवढी साधी गोष्ट एका मोठ्या न्यायपीठाने मान्य केली.

उड्डाणे चालू, तळ बंद

मुळे जमिनीत असतात हे मान्य झाले, तरी ती जमीनच पायाखालून काढून घेतली तर? पुढचा प्रश्न हाच होता आणि तो लवकरच उभा राहिला.

२८ सप्टेंबर २०१८ रोजी रायनएअरच्या केबिन क्रूने एकाच वेळी अनेक युरोपीय देशांत संप केला. स्थानिक कायद्यानुसार करार मिळावेत ही त्यांची प्रमुख मागणी होती. नेदरलँड्सही त्या संपात होता. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, कंपनीने नेदरलँड्समधील आइंडहोवेन आणि जर्मनीतील ब्रेमेन हे तळ ५ नोव्हेंबरपासून बंद करण्याचे जाहीर केले. तेलाचे वाढलेले दर, उतरलेली भाडी आणि संपांमुळे झालेले नुकसान, अशी कारणे सांगण्यात आली. कर्मचाऱ्यांच्या हाती राहिले जेमतेम पाच आठवडे.

येथे एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी लागेल. आइंडहोवेनची विमानसेवा बंद होणार नव्हती. बहुतेक उड्डाणे इतर देशांतील तळांवरच्या विमानांनी चालूच राहणार होती. म्हणजे प्रवाशाला काहीच फरक जाणवणार नव्हता. तेच विमान, तीच वेळ, तेच निळेपिवळे रंग. फरक एवढाच, की ते विमान रात्री आइंडहोवेनला मुक्काम करणार नव्हते, आणि त्यामुळे तेथे घर असलेल्या माणसाची त्याला गरज उरणार नव्हती. गिरणी बंद पडली की तिची चिमणी वर्षानुवर्षे उभी राहते, जाणाऱ्या-येणाऱ्याला काय गमावले याची आठवण देते. विमानांचा तळ बंद होतो तेव्हा मागे अवशेषदेखील उरत नाही. विमानतळाची धावपट्टी गजबजलेलीच असते आणि जिची नोकरी गेली तिच्याच डोक्यावरून रोजची विमाने जात राहतात.

आइंडहोवेनच्या वैमानिकांनी न्यायालयात धाव घेतली. १ नोव्हेंबर २०१८ रोजी डच न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि त्यांना सक्तीने परदेशातील तळावर पाठवण्यास कंपनीला मनाई केली. तळ बंद करण्यामागील आर्थिक कारण पुरेसे सिद्ध झालेले नाही, हा या निर्णयाचा आधार होता. पुढे स्पेनमध्येही असेच घडले. तेथील काही तळ २०२० च्या आरंभी बंद करण्यात आले. त्या संदर्भातील २२४ कर्मचाऱ्यांची सामूहिक बडतर्फी स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्दबातल ठरवली.

याचा अर्थ न्यायालयांनी तळ बंद करण्यावरच बंदी घातली असा मात्र नाही. ब्रुसेल्सजवळील झावेंतेम येथील या कंपनीचा दोन विमानांचा लहानसा तळ २०२२ च्या हिवाळ्यात बंद झालाच. २०२५ च्या अखेरीस बेल्जियममध्ये प्रवाशांवरील कर वाढवण्याचे ठरले, तेव्हा ब्रुसेल्स परिसरातील विमाने कमी करण्याचा इशाराही कंपनीने दिला. सरकार आणि कंपनी यांच्या या रस्सीखेचीत दोराच्या मध्यभागी बांधलेली गाठ म्हणजे तेथील कर्मचारी. ओढतात दोघे, आवळली जाते ती गाठ.

कंपनीची बाजू

न्यायबुद्धीने विचार करायचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विमान हे अत्यंत महागडे यंत्र आहे. ते जमिनीवर उभे असते तेव्हा केवळ खर्च करते, उडते तेव्हाच कमावते. तेलाचा भाव कंपनीच्या हाती नसतो. नवी विमाने वेळेवर मिळतील याचीही शाश्वती नसते. २०१९ साली स्पेनमधील तळांचा निर्णय सांगताना बोइंगच्या मॅक्स विमानांना झालेल्या विलंबाचे कारण पुढे करण्यात आले होते, आणि तो विलंब काल्पनिक नव्हता. स्वस्त विमानसेवेमुळे सर्वसामान्य कुटुंबांना प्रवास आवाक्यात आला, हेही नाकारता येणार नाही. तोट्यातील तळ अनंतकाळ चालवावा, असा हट्ट कोणी धरला तर तो अखेरीस सर्वच तळांना बुडवील. कंपनीच बुडाली तर कोणत्याच कर्मचाऱ्याचे हित साधत नाही.

म्हणून प्रश्न तळ कधीही बंद होऊ नये असा नाही. प्रश्न असा आहे की, तो बंद करण्याच्या निर्णयात ज्यांचे घर त्या तळाशी बांधलेले आहे त्यांना स्थान आहे की नाही? की निर्णय आधी आणि माहिती नंतर, हीच रीत चालू राहणार?

याचेही एक उत्तर बेल्जियममध्येच सापडते. झावेंतेमच्या शेजारी विल्वोर्डे नावाचे गाव आहे. तेथील रेनॉल्ट मोटारीचा कारखाना बंद होणार, ही बातमी १९९७ च्या फेब्रुवारीत कामगारांवर अवचित येऊन आदळली. तीन हजारांहून अधिक कामगारांचा प्रश्न होता. त्या घटनेने देश हादरला आणि पुढच्याच वर्षी बेल्जियमने कायदा केला. सामूहिक कपातीचा केवळ विचार असतानाच मालकाने तो कामगार प्रतिनिधींना सांगावा, त्यांचे प्रश्न व पर्याय ऐकावेत, त्यांवर उत्तरे द्यावीत आणि त्यानंतरच निर्णय घ्यावा, असा त्याचा क्रम आहे. जनमानसात हा कायदा त्या कारखान्याच्याच नावाने ओळखला जातो. आधी सांगा, मग ऐका, नंतर ठरवा. एवढ्या तीन पायऱ्या. त्यांनी कारखाना वाचेलच असे नाही, परंतु माणसाला आपल्याच आयुष्याची बातमी वर्तमानपत्रातून कळण्याची मानहानी तरी टळते.

भारताच्या दृष्टीने

हा सारा परदेशातील विषय आहे, असे कोणाला वाटू शकेल. वस्तुस्थिती तशी नाही. परदेशी विमानकंपन्यांचे भारतीय केबिन क्रू ही जुनी परंपरा आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर पॅन अॅमच्या विमानात सशस्त्र दहशतवादी शिरले, तेव्हा वैमानिकांना सावध करणारी आणि अखेरच्या क्षणापर्यंत प्रवाशांना बाहेर काढताना प्राण अर्पण करणारी नीरजा भनोत ही अशाच एका परदेशी कंपनीच्या मुंबईतील भारतीय क्रूपैकी होती. तेवीस वर्षे पूर्ण व्हायला तिला दोन दिवस उरले होते. राष्ट्राने तिला मरणोत्तर अशोक चक्र दिले. केबिन क्रू म्हणजे चहा-सरबत देणारे हसतमुख चेहरे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे एक नाव आठवावे.

हे काम मुळातच सुरक्षिततेचे आहे. दर पन्नास आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी, हा जगभर रूढ असलेला दंडक सेवेसाठी केलेला नाही. आणीबाणीत विमान रिकामे करण्यासाठी केलेला आहे. नव्या बनावटीच्या विमानाला मान्यता देताना, निम्मी दारे बंद असताना नव्वद सेकंदांत सर्वांना बाहेर काढता येते, हे सिद्ध करावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाने पेट घेतला. ध्वनिक्षेपण यंत्रणा निकामी झालेली. आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी. तरीही केबिन क्रूने सर्वच्या सर्व ३७९ जणांना जिवंत बाहेर काढले. असे चित्त स्थिर ठेवण्याची अपेक्षा ज्यांच्याकडून केली जाते, त्यांना पुढच्या महिन्यात आपले घर कोणत्या देशात असेल हे ठाऊक नसावे, ही केवळ त्यांच्यापुरती अडचण राहत नाही.

महामारीच्या काळात या व्यवसायाची नाजूक बाजू उघडी पडली. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने १ ऑक्टोबर २०२० पासून फ्रँकफर्ट, नारिता आणि हाँगकाँग येथील केबिन क्रूचे तळ बंद केले. अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर हक्क ज्यांना होता त्यांना तेथील तळावर जाण्याची वाट होती. ज्यांना तो नव्हता त्यांच्यापुढे तीही नव्हती. एकाच विमानात, एकाच गणवेशात वर्षानुवर्षे काम केलेल्या दोन सहकाऱ्यांचे भवितव्य पारपत्राच्या रंगावर ठरले. भारतापुरते सांगायचे तर फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीच्या दिल्लीतील शंभराहून अधिक भारतीय केबिन कर्मचाऱ्यांची सेवा संपुष्टात आली. त्यांचे करार ठरावीक मुदतीचे होते, आणि मुदतीच्या कराराची मेख हीच असते. काढून टाकले असे म्हणावे लागत नाही. पुढे वाढवले नाही एवढे म्हटले की पुरते.

संपूर्ण कंपनीच कोसळण्याचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे अमृतसरहून निघालेले विमान मुंबईस उतरले आणि त्या कंपनीचे उड्डाण कायमचे थांबले. तिच्या पुनरुज्जीवनाच्या आशेवर कर्मचाऱ्यांनी वर्षे काढली; अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. कंपनी कोसळते तेव्हा निदान देशाला ते दिसते, संसदेत प्रश्न विचारले जातात. तळ मिटतो तेव्हा तसे काहीच होत नाही.

भारतीय कायदा येथे कितपत साहाय्यभूत होतो? उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, ही तरतूद आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, औद्योगिक विवाद कायद्यात आली. परंतु ती कारखाने, खाणी आणि मळे या तिघांपुरतीच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच तीन प्रकार कायम आहेत. कामगारसंख्येची मर्यादा मात्र शंभरावरून तीनशेवर नेण्यात आली आहे. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांपुढे आजही धुराडे, खाण आणि चहाचा मळा आहे. विमानतळावरील तळ त्या दृष्टीच्या टप्प्यात येत नाही. इतर आस्थापनांसाठी साठ दिवसांची पूर्वसूचना आणि भरपाई एवढीच तरतूद आहे. त्यातही कंपनी चालू असताना केवळ तळ मिटवला, तर ती 'बंदी' न ठरता 'बदली' ठरवली जाऊ शकते. व्यवस्थापकीय धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा होय, असे कायदा सांगतो खरे. पण हेतू दुष्ट होता हे सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मार्ग कोणता?

शार्लरुआ, आइंडहोवेन आणि विल्वोर्डे यांच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, प्रत्येक केबिन कर्मचाऱ्याच्या करारपत्रात त्याच्या तळाचे नाव निःसंदिग्ध लिहिलेले असावे आणि त्याच तळाच्या भूमीचा श्रमकायदा त्याला लागू व्हावा, मग कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. दुसरी ही की, तळ मिटवण्याचा विचार सुरू होताच तो कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींपुढे आकड्यांसह मांडला जावा. तोटा खरा असेल तर आकडे लपवण्याचे कारण नाही, आणि आकडे पाहून तोडगा सुचवणारी शहाणी माणसे कर्मचाऱ्यांतही असतात. तिसरी गोष्ट मुदतीची. घर हलवायला जो काळ लागतो त्याचे माप विमानाच्या वेळापत्रकावरून घेता येत नाही. मुलांच्या शाळेचे वर्ष हे त्यासाठी अधिक माणुसकीचे माप आहे. स्थलांतराचा खर्च निर्णय घेणाऱ्याने सोसावा, हे तर ओघाने आलेच.

चौथी गोष्ट मात्र कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या हातातली आहे. शार्लरुआच्या दाव्यातील सहा जणांत थेट नेमणुकीचे कर्मचारी होते आणि ठेकेदारामार्फत आलेलेही होते. भाषा वेगळी, देश वेगळा, करार वेगळा. तरी न्यायालयाच्या दारी ते एकत्र उभे राहिले आणि त्यांच्या आठ वर्षांच्या चिकाटीचे फळ युरोपातील प्रत्येक विमान कर्मचाऱ्याच्या पदरात पडले. कायम आणि कंत्राटी, देशी आणि परदेशी, वैमानिक आणि सेविका अशी विभागणी कर्मचाऱ्यांनी स्वतःच करून घेतली, तर तळ मिटवणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही.

प्रवाशांचेही एक कर्तव्य आहे. पहाटेच्या विमानाने निघालेला प्रवासी दारात उभ्या असलेल्या त्या सेविकेच्या नमस्काराला बऱ्याचदा उत्तरही देत नाही. तो विमानात शिरतो तेव्हा तिला घर सोडून दोन-तीन तास झालेले असतात. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण सारखे करून, शेजारणीला निरोप सांगून, अंधारातच ती बाहेर पडलेली असते. दिवसभरात चार विमानतळांवर उतरून रात्री ती त्याच दारी परतणार आहे, या एका भरवशावर तिचा सारा दिवस उभा असतो. विमान कोठे मुक्काम करते हा कंपनीचा हिशोब आहे, आणि तो कंपनीने जरूर करावा. पण त्या हिशोबाच्या वहीत या दाराचीही नोंद असली पाहिजे. ती करून घेणे हे कायद्याचे, संघटनांचे आणि जागरूक समाजाचे काम आहे.